वल्ह्याला कान

पनिलूने वल्हं पाण्यात उभं धरलं, वरच्या टोकाला कान लावला आणि दातओठ खाल्ले. पुन्हा तीच घरघर. नजर पोचेल तिथवर जहाजाचा पत्ता नव्हता. खाडीत बर्फाचे दोन-चार तुकडे तेवढे आळसावून तरंगत होते, आणि तरीही पाण्याखाली कुणी पिठाची गिरणी चालू करून ठेवावी तसा आवाज लाकडातून सरळ त्याच्या कवटीत शिरत होता.

"आले लेकाचे," तो पुटपुटला. नुसता पुटपुटलाच, कारण या टोकावर मोठ्याने बोलायला बंदी होती आणि ती बंदी त्याच्याइतकी कडकपणे कुणीच पाळत नव्हतं.

कॅनडाच्या पार उत्तरेकडल्या बॅफिन बेटाच्या उत्तर अंगाला, गावापासून बोटीने अर्ध्या दिवसावर, हे खडकाळ टोक खाडीत घुसलेलं आहे. ऑगस्टमध्ये नारव्हालांचे कळप इथून अगदी किनाऱ्याला घासून जातात, म्हणून पनिलूच्या बायकोचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथेच तंबू टाकत आलेलं. इथले नियमही त्या घराण्याचेच. किटली दगडावर आपटायची नाही. बूट घासत चालायचं नाही. रिकामा डबा फेकायचा नाही, हळूच ठेवायचा. बोटीचं इंजिन टोकाच्या बरंच अलीकडे बंद करायचं आणि पुढे वल्ही मारत यायचं. खडकावरचा आवाज पाण्यात उतरतो, आणि नारव्हाल कानाने जगतो. तो लांबलचक दात मिरवणारा ठिपकेदार देवमासा खोल काळोखात मासे शोधतो ते आवाजाने, बर्फातली फट शोधतो ती आवाजाने, आणि आपलं पिल्लू कुठे आहे हेही त्याला हाका मारूनच कळतं. पूर्वी याच वल्ह्याला कान लावला की कळप दिसायच्या कितीतरी आधी त्यांची बडबड ऐकू यायची. सगळ्या गावाची दारं एकदम कुरकुरतायत आणि मधूनच कुणी शीळ घालतंय, असं वाटायचं. पनिलू लग्न होऊन या टोकावर आला तेव्हा सासऱ्याने त्याला पहिल्यांदा हेच ऐकवलं होतं, आणि ऐकताना त्याने नाक शिंकरलं म्हणून वर खडसावलंही होतं.

आता नुसती घरघर. बेटावरच्या खाणीतलं लोखंड भरून जहाजांवर जहाजं जात होती. कळप अजूनही येत, पण उशिरा येत, पांगलेले येत, आणि अंगाला चरबी कमी घेऊन येत. एखाद्या घरात दिवसभर कुणी कानाशी पत्रा घासत बसलं तर त्या घरातली माणसं नीट जेवतील का, बोलतील का, पोरांना हाक मारतील तर ती पोरांना ऐकू तरी जाईल का? पनिलूने हाच प्रश्न गावच्या सभेत विचारला होता. ती सभा खाण कंपनीने भरवली होती. कॉफी फुकट, गोड पाव फुकट. एका हसतमुख पोरीने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून सांगितलं की आवाज मर्यादेत आहे. कुणाच्या मर्यादेत, असं पनिलूने विचारलं. त्यावर ती बराच वेळ इंग्रजीत बोलली आणि दुभाष्याने तिचं सगळं बोलणं तीन शब्दांत आणून ठेवलं: अभ्यास चालू आहे. पुढे लोकांनी फारच तक्रारी केल्या तेव्हा कंपनीने जहाजांना सावकाश जायला लावलं. मग जी घरघर पूर्वी चहा उकळेपर्यंत संपायची, ती जेवण होऊन झोप काढली तरी संपेना. याला ते सुधारणा म्हणत होते.

"तुझं इंजिन काय अंगाई गातं का रे?" आफिया, त्याची बायको, असं काहीतरी अधूनमधून सुनवायचीच. वरून हेही, की त्या इंजिनात जळणारं पेट्रोल मुलाच्या खाणीतल्याच पगाराचं. हे खरं असल्यामुळे पनिलूचं डोकं जास्तच फिरायचं.

पण यंदा त्याच्या चिडण्याला ताळतंत्र उरलं नव्हतं, आणि त्याचं कारण जहाज नव्हतं. आफियाच्या पोटात गाठ निघाली होती. सोमवारच्या विमानाने तिला दक्षिणेला, ओटावाच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं होतं. सोबत घरचं एक माणूस नेता येतं, त्याचं तिकीट सरकार देतं, फक्त नाव कळवायचं. नर्सने दोनदा रेडिओवरून विचारलं होतं, सोबत कोण येणार? दोन्ही वेळा पनिलूने "कळवतो" म्हणून बटण सोडलं होतं. आफिया तेव्हा समोरच बसली होती. तिने काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. आधी एक नारव्हाल मिळू दे, तो म्हणायचा. मक्ताक खाल्ल्याशिवाय ती जाणार कशी? मक्ताक म्हणजे नारव्हालची कातडी, खालच्या चरबीसकट, ताजी, कच्ची. तिकडच्या मऊ मऊ जेवणावर ती आठ दिवससुद्धा काढायची नाही. हे सगळं बरोबर होतं. फक्त तिला कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की तिला आधी मक्ताक नको होतं, उत्तर हवं होतं.

शनिवारी दुपारी अकुमलिक आला. आला म्हणजे सगळ्या खाडीला सांगत आला. नवी लांबलचक बोट, मागे दोन-दोन इंजिनं, आणि ती बंद केली ती थेट टोकाला नाक लागल्यावर. मग नांगर खडकावर खणकन टाकला. पनिलूने डोळे मिटून घेतले.

बापाने पोराला दोन शिव्या हासडाव्यात असाच हा प्रसंग होता, पण इथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं. अकुमलिक त्याचा मुलगा होता हे खरं. पण आफियाचा बाप वारला त्याच वर्षी तो जन्मला, आणि आफियाने बापाचंच नाव त्याला दिलं. इथल्या रीतीने नाव दिलं की माणूस परत आला, तेव्हा नातंही तेच चालवायचं. म्हणून पाळण्यात होता तेव्हापासून आफिया त्याला "बाबा" म्हणत आली आणि बोलायला लागल्यापासून तो तिला "पोरी" म्हणत आला. पनिलूचा तो सासरा झाला. सासऱ्याला कोण रागावणार? जुना अकुमलिक इतका शांत माणूस होता की त्याच्या बुटाखाली बर्फसुद्धा करकरत नसे. नवा अकुमलिक जन्माला आला तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की नाव आलं म्हणजे हेही आपोआप आलं असणार. जो मुळातच शिकलेला आहे त्याला शिकवायचं काय? आणि मग कुणीच काही शिकवलं नाही. आता चोवीस वर्षांचा सासरा बोटीतून उतरला आणि हातातला थर्मास त्याने दगडावर आदळला.

"काय जावई, मिळालं का काही?"

"नाही मिळालं, सासरेबुवा," पनिलू दातांवर दात ठेवून म्हणाला. "तुमच्या येण्याने मिळेल कदाचित."

टोमणा सासऱ्याच्या डोक्यावरून गेला. तो खाणीच्या बंदरावर रेडिओ सांभाळायचा, जहाजांशी बोलणं हेच त्याचं काम. तेव्हा पनिलूने मनातलं बोलून टाकलं: तुमची त्यांच्याशी एवढी ऊठबस, तर सांगा ना त्यांना, दोन दिवस खाडीबाहेर थांबा म्हणावं. अकुमलिक तसा भला पोरगा, त्याने लगेच रेडिओ उचलला. पलीकडचा माणूसही फार सभ्य होता. त्याने सांगितलं की खाडीत देवमासे दिसले तर जहाज जरूर थांबेल, तसा नियमच आहे. सध्या दिसतायत का? नाहीत, अकुमलिक म्हणाला. मग थांबता येणार नाही, पलीकडच्याने नम्रपणे कळवलं.

"अरे, तुम्ही आहात म्हणूनच ते दिसत नाहीत," पनिलू त्या रेडिओकडे बघून म्हणाला. पण तोवर संभाषण संपलं होतं आणि अकुमलिकने पाव खायला घेतला होता.

आफिया तंबूच्या दाराशी बसून सुकवलेल्या माशाचे तुकडे करत होती. तिने मुलाला जवळ बोलावलं, त्याच्या डोक्यावरची टोपी सारखी केली, आणि दोघं आत गेली. पनिलू किटली घेऊन ओढ्यावर निघाला होता. तंबूच्या मागून जाताना आतलं बोलणं कानावर पडलं. कापडाची भिंत ती, बोलणं काय अडवणार?

"मी येतो, पोरी. रजा काढतो," अकुमलिक म्हणत होता.

"तुम्ही नको, बाबा. तुम्ही तिथे मोबाइलमध्ये डोकं घालून बसाल आणि मीच तुम्हाला जेवायला चला म्हणून शोधत फिरेन."

"मग त्याला सांगतो. सासऱ्याचा शब्द आहे, मोडायची हिंमत नाही त्याची."

हेही खरं होतं. सासऱ्याने सांगितलं असतं तर पनिलू मुकाट्याने पिशवी भरून विमानात जाऊन बसला असता. 

"नको," आफिया म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तर तो येईलच. पण तुम्ही सांगितलंत म्हणून येईल. तसा आलेला नकोय मला."

पनिलू पाणी न भरताच परतला. बोटीपाशी जाऊन त्याने इंजिनाचा प्लग काढला, पुसला, परत बसवला. प्लगला काहीही झालेलं नव्हतं. मग त्याला जहाजाचा राग आला. मग नर्सचा राग आला, तिला काय घाई झालीय म्हणून. मग आफियाच्या थोरल्या बहिणीचाही आला. तिलाही अशीच गाठ निघाली होती, ती अशीच ओटावाला गेली आणि पेटीतून परत आली. मेलेल्या माणसाचा राग येणं बरं नव्हे, हे कळत असूनही आला.

रविवारी पाणी सपाट होतं. विमान गाठायचं तर संध्याकाळपर्यंत तंबू उतरवून गावाकडे निघायला हवं होतं. पनिलू पुन्हा वल्ह्याला कान लावून बसला. घरघर आता फार वाढली होती, लाकूड बोटांना मुंग्या आणत होतं. त्याने वल्हं आदळायला उचललं, आणि आपलाच नियम आठवून परत हळूच खाली ठेवलं. तेवढ्यात आफियाने त्याच्या बाहीला हात लावला आणि हनुवटीने किनाऱ्याच्या कडेकडे खूण केली.

नारव्हाल आले होते. खाडीच्या मधून नाही, नेहमीसारखे खिदळत, एकमेकांच्या अंगावर दात टेकवत तर नाहीच. किनाऱ्याला अगदी चिकटून, पोट दगडांना लागेल इतक्या उथळ पाण्यातून, एकाला एक खेटून ते सरकत आले आणि टोकाच्या सावलीत येऊन थांबले. माद्या होत्या, राखाडी पिल्लं होती, दोन-तीन मोठ्या दातांचे नर होते. आणि सगळे निपचित. भिजलेले दगड पडावेत तसे पडून राहिले. मधूनच एखादा जेमतेम नाक वर काढायचा, हळूच श्वास सोडायचा आणि परत दगड व्हायचा. खाडीत नारव्हालांना खाणारे खुनी देवमासे शिरले की ते असे करतात, हे पनिलूने पूर्वी पाहिलं होतं. त्याने पाण्यावर नजर फिरवली. खुनी देवमासे कुठेच नव्हते. पलीकडच्या डोंगराआडून लाल जहाजाचं नाक तेवढं बाहेर आलं होतं.

अकुमलिक बंदूक घेऊन पुढे सरकला, आणि कमाल म्हणजे या वेळी आवाज न करता सरकला. भाला त्याने हाताशी ठेवला. नियम त्यालाही ठाऊक होता: जनावराने छाती भरून श्वास घेतला की लगेच मारायचं, म्हणजे ते बुडत नाही. सगळ्यात जवळचा नर दगड टाकला तर लागेल एवढ्या अंतरावर होता. इतकी सोपी शिकार पनिलूला आयुष्यात मिळाली नव्हती. आफियाला ताजं मक्ताक मिळणार होतं, सोमवारच्या आत मिळणार होतं, आणि त्यानंतर पनिलूकडे एकही सबब उरणार नव्हती.

आफियाने वल्हं उचललं. तिला शिकारीत रस दिसेना. तिने ते अलगद पाण्यात सोडलं आणि कान लावला. इतक्या जवळ इतके जण असताना ऐकू काय येत असेल, या आशेने तिचा चेहरा एकदम पोरीसारखा झाला होता. बराच वेळ ती तशीच बसली. मग चेहरा उतरला.

"कुणी बोलतच नाही," ती म्हणाली.

पनिलूने ओठांवर बोट ठेवलं. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"एवढी पिल्लं आहेत, पण आई पिल्लाशी बोलत नाही. हाकेच्या अंतरावर आहेत सगळी, आणि सगळी तोंड मिटून बसलीयत. घाबरलीयत, पनिलू."

"हळू," तो कुजबुजला. "जातील ती."

"तूही तसाच बसलायस. गाठ म्हटल्यापासून. दिवसभर तुझं तोंड चालू असतं, जहाज काय, किटली काय, थर्मास काय. माझ्याशी एक शब्द नाही. मी शेजारी झोपते तेव्हा तू श्वाससुद्धा असाच घेतोस, चोरून."

जहाज आता पूर्ण बाहेर आलं होतं. एवढं लांब की डोंगरापुढून सरकताना ते सरकतंय हेच कळत नव्हतं. त्याचा हवेतला आवाज फारसा नव्हताच, दूरवरची गुणगुण होती फक्त. वर बसून पाहणाऱ्याला वाटेल, काय शांत जहाज आहे. पाण्यातले दगड मात्र आणखी एकमेकांना चिकटले. एका पिल्लाने आईच्या पाठीवर डोकं टेकवलं. त्या मोठ्या नराने नाक वर काढलं आणि छाती भरून घ्यायला सुरुवात केली. अकुमलिकचं बोट चापावर गेलं.

पनिलूने बायकोला गप्प करण्यासाठी तोंड उघडलं. हळू, एवढाच शब्द त्याला पुन्हा म्हणायचा होता.

"मी येणार आहे," तो ओरडला.

आवाज खडकावर आपटून खाडीवर गेला. क्षणात सगळे दगड सुटले, पाणी घुसळून निघालं, एका शेपटीने अकुमलिकला तोंडभर पाणी मारलं, आणि मग टोकाच्या सावलीत गढूळ पाण्याशिवाय काही उरलं नाही. बंदुकीची गोळी बंदुकीतच होती.

अकुमलिक तोंड पुसत मागे वळला. एवढी वर्षं ज्या आवाजांवरून या माणसाने डोळे मिटून घेतले, उसासे टाकले, टोमणे मारले, त्या सगळ्या आवाजांच्या वरताण हा आवाज होता.

"जावई, अक्कल गहाण टाकलीस का रे?" तो म्हणाला. "समोर होता तो. समोर! तोंड बंद ठेवायला काय झालं होतं?"

"रागवा, सासरेबुवा," पनिलू म्हणाला. "बरोबर आहे तुमचं. रागवा."

सासरेबुवा आणखी बोलणार होते, पण त्यांनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बंदूक उघडी करून गोळ्या काढायला घेतल्या. मग काहीतरी पुटपुटत, पाणी निथळत ते आपल्या बोटीकडे गेले.

आफिया अजून वल्हं धरून बसली होती.  हसतेय की रडतेय ते पनिलूला कळेना, आणि विचारायचा धीर होईना.

"मला हेच ऐकायचं होतं," ती म्हणाली. "मग इतके दिवस तोंडाला कुलूप का लावलंस? मी काय त्या नर्ससारखी रेडिओवर होते? समोर होते ना तुझ्या?"

तो तिच्याजवळ खाली बसला. खडक गार होता. जहाज सावकाश चाललं होतं, नियमाप्रमाणे, आणि अजून बराच वेळ चालणार होतं.

"तुझ्या बहिणीला विमानात मीच चढवून दिलं होतं," तो म्हणाला. "पिशवी मीच धरली होती तिची. हसत होती ती. म्हणाली, पंधरा दिवसांत येते." त्याने तिच्या हातातलं वल्हं घेऊन हळूच खडकावर ठेवलं. "मी नाव कळवलं नाही तर तुझं जाणं लांबेल असं वाटत होतं मला. मूर्खपणा आहे, ठाऊक आहे. पण मी त्या विमानात बसलो ना, आफिया, की हे सगळं खरं होईल."

"ते कधीच खरं झालंय," ती म्हणाली. "तू नुसता शेजारी येऊन बस. आणि बोल माझ्याशी."